किळस नको, ओळख हवी

आपल्या पुण्याला समुद्र नाही; पण समुद्राची मासळी बर्फात घालून रोज येथे येते. एकदा विज्ञानाच्या तासासाठी मी कॅम्पातील शिवाजी मार्केटमधून एक बांगडा आणला. त्याचे कल्ले कापून पाण्याच्या बशीत ठेवले. भिंगातून पाहताना मुलांना कल्ल्याला चिकटलेला एक पांढरट, इवलासा जीव दिसला. लगेच वर्गात "शी! सडका मासा!" असा गलका झाला. एका मुलाचे वडील मासळी विकतात. त्याने मान खाली घातली.

मुलांनो, मला हे आवडले नाही. मासा ताजा आहे की सडका, हे त्याच्या वासावरून, डोळ्यांवरून आणि कल्ल्यांच्या रंगावरून कळते. कृमी असणे म्हणजे सडणे नव्हे. ताज्या, धडधाकट माशातही कृमी असू शकतात. मासा स्वच्छ धुऊन पूर्ण शिजवला की भिण्याचे कारण नाही.

मग तो जीव कोणता? सांधे असलेले पाय दिसले, तर तो कोळंबी-खेकड्यांचा नातेवाईक. पाय नाहीत, अंग पानासारखे चपटे आणि मागच्या टोकाला आकडे किंवा चिमटे असतील, तर तो चपटा कृमी. आम्हांला दिसला तो चपटा कृमीच होता. कल्ल्यांतून सतत पाणी वाहते. त्या प्रवाहात टिकून राहण्यासाठी त्याला हे आकडे उपयोगी पडतात.

मुशी आणि पाकट या माशांच्या आतड्यांत त्याचे भाऊबंद, म्हणजे पट्टकृमी, राहतात. त्यांना तोंड नाही, पोट नाही. ते त्वचेतूनच अन्न शोषतात. मराठवाडा विद्यापीठातील डॉ. जी. बी. शिंदे यांनी विसाव्या शतकात रत्नागिरीच्या समुद्रातील माशांमधून पट्टकृमींच्या नव्या जाती शोधल्या. किळस केली असती, तर हे काम झाले असते का?

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या किड्याचे एवढे कौतुक कशाला? कौतुक नको, पण ओळख हवीच. मासे दाटीवाटीने पाळले की असे कृमी झपाट्याने वाढतात, मासे मरतात आणि पाळणाऱ्याचे नुकसान होते. वैद्यही आधी रोग ओळखतो, मगच औषध देतो.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने आपणहून तीन माशांचे कल्ले आणले. माशांची नावेही त्यानेच वर्गाला सांगितली. सगळे शांतपणे ऐकत होते.

ओळखल्याशिवाय कोणाला नावे ठेवू नयेत. किड्याला नाही आणि माणसाला तर मुळीच नाही.