सरकत्या दारांचं कपाट : करावं की न करावं?

दुधाळी भागातल्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. तळमजल्यावरची 10 बाय 11 फुटांची झोपायची खोली, खाली जुनी शहाबादी फरशी. 2019 च्या पुरात शोरूममधून आणलेलं भुशाच्या फळ्यांचं कपाट पावासारखं फुगलं आणि फेकून द्यावं लागलं. 2021 मध्ये पुन्हा छातीइतकं पाणी. तेव्हापासून कपडे सासूबाईंच्या सागवानी कपाटात आणि ट्रंकांत. आता यांच्या भिशीचे पैसे हाती आलेत. मिस्टर म्हणतात, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत मापाचं सरकत्या दारांचं कपाट करून घेऊ आणि सागवानी कपाट भंगारवाल्याला देऊन टाकू. शेवटी त्या लिहितात, "पैसे माझे आहेत, आणि पुन्हा साठायला चार वर्षं लागतील."

या एका वाक्यासाठी आजची सगळी जागा मी याच प्रश्नाला देते आहे. लोणच्याची पत्रं पुढच्या आठवड्यात.

आधी सरकत्या दाराचा फायदा कोणता, ते बघू. बिजागरीचं दार उघडलं की खोलीत येतं. दीड फुटाचं दार असेल तर दीड फूट त्याला, आणि त्याच्यासमोर उभं राहायला आपल्याला तेवढीच जागा. म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यात 3 फूट मोकळे हवेत. सरकतं दार पुढं येत नाही, त्यामुळं पावणेदोन-दोन फुटांत भागतं. फायदा म्हणायचा तो एवढाच. बाकी काचेची चकाकी, आवाज न करता मिटणारं दार, ही सगळी हौस. हौसेला मोल नसतं खरं, पण भिशीच्या पैशाला असतं ना!

शिवाय हा फायदा फुकट मिळत नाही. दोन दारं एकापुढं एक सरकायची म्हणजे रूळही दोन, आणि ते 3 ते 4 इंच जागा खातात. शर्टाचा हँगर साधारण 17-18 इंचांचा. कपडे दाराला घासू नयेत म्हणून आत 21-22 इंच मोकळे लागतात. सुतार याला 'डेप्थ' म्हणतात. बिजागरीचं कपाट 24 इंचांत बसतं, तर सरकत्या दारांचं 27 इंचांवर जातं. जागा वाचवायला निघालो आणि 3 इंच आधीच देऊन बसलो!

आता या ताईंच्या खोलीचा हिशेब मांडू. खोली 10 फूट, म्हणजे 120 इंच रुंद. पलंग पलीकडच्या भिंतीला लावलेला आहे. तो 6 फुटी असेल तर 72 इंच गेले. बिजागरीच्या कपाटाचे 24 वजा केले की मध्ये 24 इंच उरतात. दार उघडेल, पण आपण उभं कुठं राहायचं? सरकत्या कपाटानं 21 इंच उरतात आणि काम चालतं. पण पलंग 5 फुटी असेल तर बिजागरीचं कपाट लावूनही 36 इंच मोकळे राहतात आणि सरकत्या दारांचं कारणच उरत नाही. म्हणून कपाटाचा विचार पलंगापासून सुरू करावा. खडू घ्या (आम्हा मास्तरणींच्या पर्समध्ये तो असतोच) आणि फरशीवर कपाट, पलंग, उघडलेलं दार असं सगळं खऱ्या मापानं आखा. दोन दिवस त्या रेघा सांभाळून वावरा. शोरूममधल्या चित्रापेक्षा त्या रेघा जास्त खरं बोलतात.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. 7 फुटी कपाटाला दोन सरकती दारं असली, तर एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. सकाळी सात वाजता यांना शर्ट हवा, आपल्याला साडी हवी, आणि दोघांचे कप्पे दोन टोकांना! एकानं दार ढकललं की दुसऱ्याचं बंद. ज्यांच्या घरी दोघांनाही एकाच वेळी बाहेर पडायचं असतं, त्यांनी याचा नीट विचार करावा. आतले ड्रॉवरही कपाटाच्या मधोमध घेऊ नयेत. तिथं दारं एकमेकांवर येतात आणि ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही. तो कोणत्या तरी एका अर्ध्यातच हवा, तोही मधल्या फळीपासून दोन इंच सोडून.

साड्यांचंही सांगते. घडीच्या साडीला 14-15 इंचांचा कप्पा भरपूर होतो. 22 इंच खोल कप्प्यात साड्यांच्या दोन रांगा लागतात आणि मागच्या रांगेतली साडी थेट पुढच्या दिवाळीला सापडते. जरीची पैठणी हँगरवर टांगून ठेवू नये, पदराच्या वजनानं कापड ओढलं जातं. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी.

आता फरशी. जुन्या घरांत शहाबादी फरशीला धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिलेला असतो. त्या ढाळावर रूळ तसाच ठोकला तर दार आपणहून एका बाजूला पळतं. कुशल सुतार खाली पट्ट्या देऊन पाणसळीनं रूळ सपाट करून घेतो, पण ते काम आधी बोलून घ्यावं लागतं. भिंतीही ओळंब्यात असतील असं नाही. माप वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घ्यावं आणि सर्वांत कमी भरेल ते धरावं.

इथवरचं सगळं कोणत्याही घराला लागू आहे. या ताईंच्या घराला मात्र पंचगंगेचा विचार केल्यावाचून पुढं जाता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. 2024 च्या जुलैतही 43 ओलांडलेच होते. पाणी पुन्हा येणार नाही, असं धरून त्या खोलीत पैसे घालता येणार नाहीत.

"मरीन प्लाय वापरतो, काही होत नाही," असं सुतार म्हणेल. मरीन प्लायला आय.एस. 710 हे मानक आहे. त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि डिंक सुटता कामा नये. साधा प्लाय आय.एस. 303 मध्ये येतो. भुशाच्या फळीपेक्षा दोन्ही कितीतरी सरस. फळीवर आयएसआयचा छाप आणि परवाना क्रमांक असतो. तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून खरा आहे का, ते पाहता येतं. पण प्लाय टिकला तरी पुराचा गाळ रुळात बसतो, चाकं गंजतात आणि कडेच्या पट्ट्या सुटतात. त्याहून वाईट म्हणजे भिंतभर ठोकलेलं कपाट हलत नाही. पाणी ओसरल्यावर मागची भिंत वाळायला महिनोन्‌महिने लागतात. तिला वाराच मिळाला नाही तर बुरशी धरते आणि ती आतल्या कपड्यांपर्यंत पोचते.

म्हणून ताई, माझं स्पष्ट मत असं : या खोलीत भिंतीला जखडलेलं सरकत्या दारांचं कपाट करू नका. मरीन प्लायचे साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन सुटे सांगाडे करून घ्या, बिजागरीच्या दारांचे, एकमेकांना नट-बोल्टनं जोडलेले, भिंतीपासून दोन इंच पुढं. पाणी ओसरलं की सोडवून ओढता येतील. खालच्या कप्प्यांना ड्रॉवरऐवजी कडीच्या सुट्या ट्रंका ठेवा. नदी 39 फुटांवर गेली, म्हणजे इशाऱ्याची पातळी आली, की त्या उचलून वर न्यायच्या. पलंग 6 फुटी असेल तर दारं दीड फुटाची न करता 14-14 इंचांची तीन करा, आणि पलंग बदलायची वेळ येईल तेव्हा 5 फुटी घ्या.

आणि सासूबाईंचं सागवानी कपाट मुळीच देऊ नका. दोन पुरांत उभं राहिलेलं लाकूड आहे ते. सागात मुळातच तेल असतं, म्हणून पाणी आणि वाळवी दोन्ही त्याच्या वाटेला कमी जातात. भंगारवाला देईल तेवढ्या पैशांत नवी फळीसुद्धा यायची नाही. पॉलिश करून घ्या, कड्या बदला. अशा जुन्या कपाटांची डेप्थ कमी असते, म्हणजे साड्यांना अगदी बेताची. पुन्हा कधी भिजलंच, तर उन्हात मात्र ठेवू नका. सावलीत दारं उघडी टाकून सावकाश वाळू द्या, नाहीतर तडे जातात.

वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल, खोली अरुंद असेल आणि फरशी सपाट असेल, त्यांनी सरकती दारं खुशाल करावीत. दार 7 फुटांपेक्षा उंच असेल तर ते वाकू नये म्हणून आत धातूची सरळपट्टी घालायला सांगा. पावसाच्या झडीची भिंत असेल तर कपाट तिथं नको.

एस्टिमेट कागदावर आणि चित्रासह घ्या. भाव समोरच्या चौरस फुटावर सांगतात. 7 बाय 7 चं कपाट म्हणजे 49 चौरस फूट. त्यात माळा धरला आहे का, ड्रॉवर किती, कुलूप, आतलं सनमायका आणि जीएसटी धरून की सोडून, हे लिहून घ्या. प्लायची जाडी आणि आय.एस. क्रमांकही. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता दारं पंधरा दिवस नीट सरकल्यावरच. "ताई, एवढा विश्वास नाही व्हय?" असं कुणी म्हणालंच, तर चहा द्यावा, हप्ता नव्हे.

खालच्या रुळात धूळ आणि केस साचतात आणि दार अडखळायला लागतं. दर आठवड्याला जुन्या दातांच्या ब्रशनं तो रूळ साफ करावा. तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते.