डिझेल इंजिनांची तेजी कुणी आणली, किंमत कुणी मोजली?

जानेवारी २०१२ मध्ये मारुती सुझुकीने फियाटशी करार केला. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून वर्षाला एक लाख डिझेल इंजिनं घ्यायची, तीन वर्षं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीवर बाहेरून इंजिनं मागवायची वेळ का आली? मानेसरमधली वर्षाला तीन लाखांची क्षमता स्विफ्ट-डिझायरच्या गिऱ्हाइकांना पुरत नव्हती, म्हणून.

ही मागणी सरकारी धोरणातून आली होती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. लिटरमागे तीस-बत्तीस रुपये वाचणार म्हटल्यावर लोक डिझेल गाडीच घेणार. शेतकऱ्याच्या आणि मालवाहतुकीच्या नावाने दिलेली सवलत अशी कारच्या टाकीत गेली.

मग हवा फिरली. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडं थोडं वाढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. धूर साफ करणारी यंत्रणा छोट्या डिझेल गाडीला परवडेना. फियाटचं १.३ लिटरचं इंजिन बंद झालं. मारुतीने २०१९ मध्ये स्वतःचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन आणलं, तेही वर्षभरात गुंडाळलं.

धूर कमी व्हायलाच हवा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. रस्त्याकडेच्या वस्तीत राहणारेच तो सगळ्यात आधी गिळतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. सरकार दर एका रात्रीत बदलू शकतं, पण इंजिनाची लाइन उभी करायला वर्षं लागतात. मोठी कंपनी तोटा पचवून पेट्रोल-सीएनजीकडे वळते. कर्ज काढून मशीन घेतलेला छोटा पुरवठादार, कंत्राटी कामगार आणि डिझेल पंप दुरुस्त करणारा मिस्त्री कुठे वळणार?

आज तोच खेळ इलेक्ट्रिक गाड्यांबाबत सुरू आहे. अनुदान मिळतंय, कारखान्यांच्या घोषणा होतायत. अनुदान किती वर्षं चालणार, हे सरकारने आधीच सांगावं आणि जुन्या कारागिरांना नवं काम शिकवण्याचा खर्चही त्यातच धरावा. नाहीतर तेजीचा फायदा वर राहील आणि मंदीचा मार पुन्हा खालच्यांनाच बसेल.