तीस दिवसांत प्रस्ताव पाठवा, नाहीतर तहसीलच्या दारात बसू

नांदेडचे जिल्हाधिकारी, अर्धापूरचे तहसीलदार, नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, महावितरण आणि एसटीचे जिल्ह्यातले अधिकारी, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. निवेदन नव्हे. निवेदनाची पोच मिळते आणि कागद फायलीत जाऊन पडतो, हे आता तालुक्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक झालंय.

केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना 10,900 कोटींची आहे. त्यातले 2,000 कोटी फक्त विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवलेत. योजना 1 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली, मुदत 31 मार्च 2028 पर्यंत आहे. पण या तारखेच्या भरवशावर कुणी निवांत राहू नये. निधी आधी संपला तर योजनाही आधीच बंद होणार. 2028 च्या फेब्रुवारीत धावपळ करणाऱ्याच्या हाती काय लागेल ते सांगायला नको.

प्राधान्य दहा लाखांवरच्या शहरांना आणि स्मार्ट सिटींना आहे. 2011 च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं होतं, आणि स्मार्ट सिटीच्या यादीत त्याचं नाव नाही. अर्धापूरचं तर विचारूच नका. पण प्राधान्याच्या त्याच यादीत महामार्गही आहेत. नांदेडहून वारंगा फाट्याकडे जाणारी गाडी, पुढे हिंगोली-अकोल्याला वळो की हदगाव-यवतमाळला, अर्धापूरवरूनच जाते. आपला हक्क इथे आहे आणि तो कागदावर मांडायचं काम तुमचं आहे.

आता पैशाचं नीट ऐका, कारण 'निधी नाही' हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. सप्टेंबर 2025 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरकारी कार्यालय, दवाखाना किंवा शाळेच्या आवारात चार्जर बसवला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला, तर अनुदान शंभर टक्के आहे. बसस्थानकासारख्या सार्वजनिक जागी यंत्राच्या खर्चाचे 70 टक्के आणि वीजजोडणीच्या कामाचे 80 टक्के मिळतात. वीजजोडणीचं काम म्हणजे ट्रान्सफॉर्मर, केबल, पॅनेल, पाया, कुंपण. खरा खर्च तिथेच असतो. ज्या भागात डीपी जळाली की शेतकऱ्याला आठ-आठ दिवस चकरा माराव्या लागतात, तिथे नवा ट्रान्सफॉर्मर जवळपास फुकटात मिळतोय आणि तरी तो मागायचा नाही, हे आमच्या डोक्यात शिरत नाही.

म्हणूनच महावितरणला वेगळं बजावतो. चार्जर आमच्या केळीच्या बागांच्या मोटारी चालवणाऱ्या डीपीवर टांगायचा नाही. त्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर हवा. ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी द्यायच्या वेळी व्होल्टेज पडलं, तर शेतकरी आणि गाडीवाले एकमेकांत भांडत बसणार नाहीत, दोघं मिळून तुमच्या दारात येतील. आणि जोडणीला महिने लावू नका. ग्रामीण भागात, वाहिनी वाढवायची गरज नसेल तिथे, 15 दिवसांत नवी जोडणी द्यायची, हा 2024 मधला केंद्राचा नियम आहे.

राज्याचंही धोरण आहे. मे 2025 च्या ई-वाहन धोरणात 1,993 कोटींची तरतूद आहे आणि महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं वचन आहे. एसटीने 5,150 ई-बसचा करार केला. बस वेळेत येईनात म्हणून परिवहनमंत्र्यांनी तो रद्द करण्याची भाषा केली. ते भांडण मुंबईत चालू द्या. बस येईल त्या दिवशी ती चार्ज कुठे करणार, याचं उत्तर आम्हाला इथे हवंय.

पडून राहिलेल्या पैशाचं काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथे 2021 च्या कायद्याने चार्जिंगसाठी पाच अब्ज डॉलर दिले. 2024 च्या सुरुवातीपर्यंत त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच केंद्रं उभी राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या सरकारने निधी रोखला आणि राज्यांना कोर्टात जावं लागलं. मुंबई-दिल्लीतला वारा फिरला तर अर्धापूरसाठी कोर्टात कोण जाणार?

हा मजकूर छापून आल्यापासून तीस दिवस देतो. तेवढ्यात तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय आणि बसस्थानक यांच्या जागांचे प्रस्ताव राज्याच्या नोडल यंत्रणेकडे गेले पाहिजेत. आज तालुक्यात कुठे चार्जर आहे, त्यातला कुठला चालू आहे, याची यादी नगरपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. फीत कापून फोटो काढायचे आणि सहा महिन्यांनी यंत्रावर धूळ, असला चार्जर आम्हाला नको. देखभाल कोण करणार ते प्रस्तावातच लिहा.

एकतिसाव्या दिवशी प्रत्येक कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. त्याच सकाळी विजेवरचे ऑटो आणि स्कूटर ढकलत नेऊन तहसीलच्या आवारात लावू आणि ठिय्या देऊ. रास्ता रोको करणार नाही; रस्त्यात अडकून केळी काळी पडली तर नुकसान आमचंच. भोकर मतदारसंघात मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कुठलाही असो, प्रस्तावाची तारीख विचारली जाईल.

चर्चेला बोलवायचं असेल तर जरूर बोलवा. तोंडी आश्वासनावर मात्र कुणी उठणार नाही. उत्तर लेखी हवं, सही-शिक्क्याचं, जावक क्रमांकासह.

— अर्धापूरचे नागरिक, वाहनचालक आणि शेतकरी