फटींतील शूर

बोदलकसा तलाव पाहावयास सुटीच्या दिवशीं मोटारसायकलीवरून निघणाऱ्यांचा एक दंडक झाला आहे : पुढें धानाचा ट्रॅक्टर वा गुरांचा कळप मंद चालला, कीं कडेच्या फटींतून सुसाट निघावें! "कॅलिफोर्नियांत हें कायदेशीर आहे," असें एका सुशिक्षितानें आम्हांस ऐकविलें. आहेच, 2016 सालीं तेथें तसा कायदा झाला. पण बर्कलेच्या विद्यापीठाची 2015 ची पाहणी सांगते, कीं आपला वेग शेजारच्या वाहनांहून ताशीं सुमारें 24 किलोमीटरांपेक्षां अधिक नसला, तरच ही चाल त्यांतल्या त्यांत बिनधोक. शिवाय तेथें रस्त्यावर आंखलेल्या ओळी असतात. येथें ट्रॅक्टर शेताकडे केव्हां वळेल, हें ईश्वरासच ठाऊक!

आणि हेल्मेट? तें हँडलला लोंबतें. 2022 सालीं देशांतील रस्त्यांवर 1,68,491 माणसें मेलीं. त्यांत हेल्मेटावांचून मेलेलीं 50,029. कायदा मागें बसणारासही लागू आहे. तरी पत्नी पदर सांवरीत उघड्या डोक्यानें बसते, आणि मूल पुढें टाकीवर! फटींत शिरण्याचा निर्णय मात्र गृहस्थ एकटाच घेतो. चार वर्षांखालील मुलास पट्टा व हेल्मेट, आणि वेग ताशीं 40 किलोमीटरांच्या आंत, असा नियम 2023 पासून अंमलांत आहे. तसा एकहि पट्टा या वाटेवर आम्हांस अद्याप दिसावयाचा आहे.