बक्षीस कशाचे, ते आधी पाहावे

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यावे, एकाने सूत्रधार व्हावे आणि फाशांच्या साहाय्याने अद्भुतकथा घडवावी, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आज अशा खेळांच्या अनेक नियमपद्धती आहेत. आपल्या गटासाठी एक निवडताना खेळ बक्षीस कशाला देतो, हे प्रथम पाहावे.

आरंभीच्या नियमांत अनुभवगुणांचा मोठा वाटा सुखरूप बाहेर आणलेल्या खजिन्याचा असे. म्हणून चतुर खेळाडू राक्षसाशी लढण्याऐवजी त्याला चुकवीत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गुण मुख्यतः शत्रूच्या पाडावाचे. साहजिकच तलवार लवकर उपसली जाते. २०१२ च्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये दोन फाशांचे एकूण दान सहा वा त्याहून कमी पडले की बेत फसतो, पण त्या फसण्याचाच एक अनुभवगुण मिळतो. तेथे बुजरा खेळाडूही धाडस करू लागतो.

मुले आणि वडीलधारी एकत्र खेळतात तेथे ही निवड क्षुल्लक नव्हे. नियम ज्याला गुण देतात, तेच मंडळी तासन्‌तास करीत राहतात. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी अनुभवगुणांचे पान उघडावे आणि तेथील वर्तन आपल्या बैठकीत रुचेल काय, हे सर्वांनी मिळून ठरवावे.