उपकर ग्रंथालयाचा, पैसा कोणाचा?

ग्रंथालयांसाठी पैसा नाही, हे वाक्य शासकीय बैठकांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. पैसा पुष्कळदा असतो. तो ग्रंथालयाच्या नावाने नागरिकांकडून वसूलही झालेला असतो. फक्त ग्रंथालयापर्यंत पोहोचत नाही.

बेंगळुरूतील मराठी वाचकांनी मालमत्ता कराचा हिशेब एकदा तपासून पाहावा. कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यान्वये या करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आकारला जातो. महापालिकेने तो गोळा करून ग्रंथालय प्राधिकरणाच्या स्वाधीन करावयाचा, इतकेच तिचे काम. प्रत्यक्षात शहराच्या महापालिकेने वर्षानुवर्षे तो अडवून ठेवला व थकबाकी शेकडो कोटींवर गेली. २०२५ मध्ये तिचे पाच महापालिकांत विभाजन झाले. दुसऱ्याच्या ठेवीवर आपला संसार चालविणे, याला व्यवहारात जे नाव आहे ते इथे लिहीत नाही.

विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला कर अर्थशास्त्राला फारसा मान्य नाही; त्याने अंदाजपत्रकाची लवचिकता जाते. आक्षेप रास्त आहे. पण लवचिकता म्हणजे काय, हे महाराष्ट्रात पाहावे. तेथील १९६७ च्या कायद्यात उपकरच नाही, केवळ अनुदान आहे. २०१२ मध्ये वाढलेले ते अनुदान २०२२ पर्यंत जागचे हलले नाही. महागाई थांबलेली नव्हती. ग्रंथपालाचे मानधन मात्र थांबले होते. रस्ता खचला तर मोर्चा निघतो. वाचनालयाची वेळ दोन तासांनी घटली, तर एखादे निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्राला पत्र लिहितात. ज्याची मागणी कोणी मोठ्याने करीत नाही, त्यासाठी निधी राखूनच ठेवावा लागतो.

‘मोबाईलच्या युगात वाचनालये हवीत कशाला?’ असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याने सकाळी कोणत्याही जिल्हा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत डोकावावे. एका खोलीत पाच माणसांच्या घरी राहणारी मुले तेथे स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यांना पुस्तकाइतकीच टेबल, दिवा आणि शांतता हवी असते. ती मोबाईलवर मिळत नाही.

ग्रंथालये राज्यसूचीत येतात, म्हणून केंद्राने हात झटकणेही बरोबर नव्हे. कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तके, इमारती, कपाटे यांसाठी साहाय्य देते. कपाट उघडणाऱ्या माणसाच्या पगाराचे काय?

बडोद्यात १९१० नंतर सयाजीराव गायकवाडांनी हा प्रश्न सरळ सोडविला होता. गावाने काही रक्कम उभी केली की तितकीच पंचायतीने व तितकीच दरबाराने घालावयाची. कोणाचा वाटा किती, हे गावाला ठाऊक असे.

आज त्याहून साधे काही पुरेल. उपकर वसुलीच्या क्षणीच स्वतंत्र खात्यात वळता करावा. जी पालिका तो भरणार नाही, तिच्या पुढील अनुदानातून राज्याच्या वित्त विभागाने तेवढी रक्कम कापावी. वीजबिलांच्या थकबाकीसाठी ही वजाबाकी काही राज्यांना उत्तम जमते.