पाण्याची स्मृती

३० जून १९८८ रोजी ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वैद्यकविश्वात खळबळ उडाली. फ्रान्समधील मान्यवर रोगप्रतिकारशास्त्रज्ञ झाक बेन्व्हेनिस्त यांचा दावा असा, की प्रतिपिंडाचे द्रावण इतके विरल केले की मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याचा संभव नाही, तरी रक्तातील बेसोफिल पेशी त्याला प्रतिसाद देतात. पाण्याला जणू स्मृती असते!

संपादक जॉन मॅडॉक्स यांनी निबंध छापला, पण प्रयोगशाळेच्या समक्ष तपासणीची अट घालून. जुलैमध्ये ते स्वतः, जादूगार जेम्स रँडी आणि संशोधनातील गैरप्रकारांचे अभ्यासक वॉल्टर स्टुअर्ट पॅरिसजवळील क्लामार येथे गेले. कोणत्या नळीत औषध व कोणत्या नळीत नुसते पाणी, याची सांकेतिक यादी पाकिटात घालून चक्क छताला चिकटवली. पाकीट उघडले, तेव्हा परिणाम नाहीसा झाला होता. बेन्व्हेनिस्त यांना हे मान्य झाले नाही. २००४ साली निधन होईपर्यंत ते आपल्या मतावर ठाम राहिले.

म्हणून प्रत्येक विक्षिप्त दावा खोटाच, असे नव्हे. अल्सर म्हणजे आम्ल आणि काळजी, असेच आम्ही विद्यार्थिदशेत घोकले. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी मात्र १९८४ साली जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. पुढे इतरांच्याही हाती तेच निष्कर्ष आले आणि २००५ साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले.

स्मरणिकेत हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. गेल्या हिवाळ्यात आमच्या स्नेही कुटुंबातील आजींनी इन्सुलिन सोडून ‘ऊर्जाभारित’ पाणी सुरू केले व बेशुद्धावस्थेत त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. ज्या घराने दोन पिढ्यांपूर्वी गंडेदोरे नदीत सोडले, त्याच घरातली ही गोष्ट. मुलगा अभियंता, पण बाटल्या विकणारा आपल्यातलाच, म्हणून कोणी काही विचारले नाही. आजींनी बाटली आम्हांलाही दाखविली होती. वयाचा मान राखून आम्ही नुसते हसलो. त्या हसण्याची आम्हांला आजही लाज वाटते.

यंदाच्या जयंती सोहळ्यात कोणी अशी बाटली घेऊन आलाच, तर त्याला चहा अवश्य द्यावा, आणि छताला चिकटवलेले पाकीट कुठे आहे तेही विचारावे.